रत्नागिरीची प्रेक्षणीय स्थळे : बंदराच्या शहराचा इतिहास कसा वाचावा

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील.

१. प्रेक्षणीय स्थळांची यादी इतिहासाचे साधन म्हणून कशी वापरावी, हे सांगता येईल.
२. वसाहतकाळात रत्नागिरी हे स्थानबद्धतेचे ठिकाण का झाले, याची कारणे देता येतील.
३. थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर या तीन वास्तूंमधील परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
४. अशा यादीतून कोणाचा इतिहास गळतो, याचा विचार स्वतःच्या गावाच्या संदर्भात करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ भिलाईच्या सेक्टर १० मध्ये बसून लिहिला आहे. इथून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर आहे. असे असताना किनाऱ्यावरच्या शहराचा विषय का घेतला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पाठाच्या शेवटी मिळेल. तूर्त एवढेच लक्षात ठेवू की, आपण एक पद्धत शिकणार आहोत. ती रत्नागिरीवर वापरून पाहायची आणि नंतर आपापल्या गावावर.

कोणत्याही शहरात गेलो की आपल्या हाती एक यादी येते. बसस्थानकावरच्या फलकावर, रिक्षावाल्याच्या तोंडी किंवा लहानशा पुस्तिकेत ती असते. रत्नागिरीत ती साधारण अशी असते : रत्नदुर्ग किल्ला, भगवती मंदिर, दीपस्तंभ, थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, कारागृहातील सावरकरांची कोठडी, भाट्ये आणि मांडवी येथील किनारे, मत्स्यालय आणि थोडे दूर गणपतीपुळे. पर्यटक ही ठिकाणे एका दिवसात पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परततो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र या यादीपाशी थांबायला हवे. एका मध्यम आकाराच्या गावात परक्या देशाच्या राजाचा वाडा का आहे? एकाच गावाच्या यादीत राजवाडा, तुरुंगाची कोठडी आणि स्थानबद्धतेत उभे राहिलेले मंदिर एकत्र कसे आले? या प्रश्नांना एक समान उत्तर आहे. रत्नागिरी हे सत्तेच्या दृष्टीने ‘दूरचे’ गाव होते आणि त्या दूरपणाचा उपयोग करून घेतला गेला. या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

२. यादी हे इतिहासाचे साधन

नाणी, ताम्रपट, बखरी, सरकारी दप्तर ही इतिहासाची साधने आपल्याला माहीत असतात. प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यांत सहसा धरली जात नाही. पण ही यादीसुद्धा कोणीतरी तयार केलेली असते. तिच्यात काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे त्या त्या काळी ठरते. म्हणून तिला चार प्रश्न विचारता येतात.

(अ) ही वास्तू कोणी, कोणासाठी बांधली?
(आ) ती याच ठिकाणी का बांधली?
(इ) ती ‘पाहण्यासारखी’ केव्हा ठरली आणि कोणी ठरवली?
(ई) तिच्या आसपास राहणाऱ्या कोणत्या माणसांची आठवण यादीत नाही?

ही पद्धत जगातल्या कोणत्याही बंदराला लागू पडते. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हेराक्रूझ या शहराचे उदाहरण पाहू. तेथील सर्वांत प्रसिद्ध प्रेक्षणीय स्थळ म्हणजे सान हुआन दे उलुआ हा समुद्रातील किल्ला. स्पॅनिश सत्तेने तो सोळाव्या शतकात बंदराच्या रक्षणासाठी बांधायला घेतला. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला, तरी या किल्ल्यातील स्पॅनिश सैन्य १८२५ पर्यंत हटले नाही. पुढे तोच किल्ला तुरुंग म्हणून वापरला गेला. नंतर मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेले बेनितो हुआरेझ यांना १८५३ मध्ये तेथे कैदेत ठेवून नंतर देशाबाहेर पाठवण्यात आले. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. संरक्षणाची जागा, मग कैदेची जागा आणि शेवटी पाहण्याची जागा असा हा क्रम आहे. तो लक्षात ठेवा, कारण रत्नागिरीत आपल्याला त्याच्याशी मिळताजुळता क्रम दिसणार आहे.

त्याच देशातील कानकून हे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९७० च्या आधी तेथे मोठे गाव नव्हते. सरकारी नियोजनातून, पर्यटनासाठी म्हणूनच ते शहर उभारले गेले. म्हणजे काही ठिकाणी आधी इतिहास घडतो आणि मग पर्यटक येतात, तर काही ठिकाणी पर्यटकांसाठीच शहर घडवले जाते.

३. किल्ला आणि दीपस्तंभ : समुद्राकडे पाहणारे गाव

रत्नदुर्ग हा तीन बाजूंनी समुद्र असलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला आहे. बालेकिल्ला, पेठ किल्ला आणि दीपस्तंभाकडची बाजू असे त्याचे भाग पडतात. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे. किल्ल्याची सुरुवात बहमनी काळापर्यंत नेली जाते. शिवकाळात १६७० च्या सुमारास तो मराठ्यांकडे आला, पुढे आंग्रे आणि पेशवे यांच्या ताब्यात राहिला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला.

किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की समुद्र आणि बंदर एका नजरेत येतात. किल्ला बांधणाऱ्यांना हेच हवे होते. कोकणातील बंदरांचा व्यापार गलबतांवर चालत असे. दाभोळ आणि राजापूर ही रत्नागिरीपेक्षा जुनी आणि नामांकित बंदरे होती. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखारही होती. या काळात रत्नागिरी आडबाजूला नव्हते, कारण समुद्र हाच हमरस्ता होता. मुंबई, गोवा, मलबार आणि अरबी किनारा यांना जोडणाऱ्या वाटेवर ते बसलेले होते.

दीपस्तंभ १८६७ सालचा आहे. पन्नास वर्षांत नेमका काय बदल झाला, हे किल्ला आणि दीपस्तंभ शेजारी शेजारी पाहिले की कळते. किल्ला शत्रूचे गलबत ओळखण्यासाठी होता, तर दीपस्तंभ ये-जा करणाऱ्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी. समुद्रावर आता एकच सत्ता होती आणि तिला तटबंदीची गरज उरली नव्हती. किल्ल्याचे लष्करी काम संपले, म्हणूनच तो पुढे पाहण्याची जागा होऊ शकला.

४. १८२२ : जिल्ह्याचे ठिकाण आणि ‘दूरपण’

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा जिल्हा केला. त्याचे मुख्य ठिकाण प्रथम बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलवले, कारण जिल्ह्याच्या लांबलचक किनाऱ्यात रत्नागिरी अधिक मध्यावर पडत होती. या एका निर्णयाने गावाचे रूप पालटले. कचेरी, न्यायालय, तुरुंग, सरकारी शाळा आणि साहेबांचे बंगले येथे आले. आजच्या यादीतील अर्धी स्थळे या निर्णयाचाच परिणाम आहेत, हे पुढे दिसेल.

याच काळात गाव एका वेगळ्या अर्थाने दूर पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशाच्या इतर भागांत रेल्वे पोहोचली. दक्षिण कोकणात मात्र सह्याद्री, खाड्या आणि नद्या यांमुळे ती आली नाही. रत्नागिरीला जाण्याचे मुख्य साधन आगबोट हेच राहिले. बोट बंदरापासून थोडी बाहेर उभी राही आणि उतारू पडावात बसून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात तर हा मार्गही बंद होई. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून दर्या पुन्हा खुला मानण्याची रीत किनाऱ्यावर आजही पाळली जाते. तिच्यामागे हा पावसाळ्यातला बंदिवास आहे. घाटावर जायचे तर आंबा घाटासारख्या वाटेने बैलगाडीचा लांबचा प्रवास करावा लागे.

आता राज्यकर्त्यांच्या बाजूने विचार करा. गावात कलेक्टर, पोलीस आणि तुरुंग आहे. मुंबईहून बोटीने हुकूम आणि माणसे पाठवता येतात. पण रेल्वे नसल्याने लोकांची फारशी वर्दळ नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर बंदरावरच नजर ठेवता येते. ज्याला मारायचे नाही, पण लोकांपासून तोडायचे आहे, अशा माणसाला ठेवण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा कोणती? रत्नागिरी सरकारसाठी जवळ होती आणि बाकीच्या जगासाठी दूर. स्थानबद्धतेचे ठिकाण म्हणून तिचा उपयोग यातून झाला.

५. थिबा राजवाडा

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात त्याचा पराभव झाला. हे युद्ध काही आठवड्यांतच संपले. राजाला कुटुंबासह राजधानीतून बाहेर काढण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेशाचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात सामील झाल्याची घोषणा झाली. राजाला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले गेले.

पुढची सुमारे चोवीस वर्षे राजा, राणी सुपयालात, धाकटी राणी आणि चार राजकन्या बंगल्यांतच राहत होत्या. आज आपण जो राजवाडा पाहतो तो १९१० मध्ये तयार झाला. जांभ्या दगडाची आणि विटांची ही इमारत टेकडीवर आहे. तिच्या अर्धवर्तुळाकार कमानीच्या खिडक्या आणि सागवानी काम पाहण्यासारखे आहे. मागच्या बाजूने भाट्येची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो.

या वास्तूला आपले पहिले दोन प्रश्न विचारू. ती कोणी बांधली? ब्रिटिश सरकारने. कोणासाठी? राजासाठी. पण राजाला परवानगीशिवाय बाहेर जाता येत नव्हते, पहाऱ्यावर पोलीस होते आणि खर्चाला सरकार ठरवून देईल तेवढी रक्कम मिळत असे. म्हणजे दिसायला हा राजवाडा असला, तरी त्याचे काम तुरुंगाचे होते. राजाला मान दिला असे जगाला दिसावे आणि तो आपल्या देशापासून तुटलेलाही राहावा, असे दोन्ही हेतू या इमारतीने साधले. त्यामुळे ‘राजवाडा’ हा शब्द ऐतिहासिक अर्थाने अपुरा आहे. विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना ही बाब नमूद करावी.

नव्या वाड्यात राजा सहाच वर्षे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे रत्नागिरीतच निधन झाले. देह ब्रह्मदेशात नेऊ द्यावा, अशी कुटुंबाची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. अखेर १९१९ मध्ये राजाचे आणि त्याच्या आधी वारलेल्या धाकट्या राणीचे दफन रत्नागिरीत झाले. त्याच वर्षी राणी सुपयालातला ब्रह्मदेशात परतू दिले गेले. थिबाची समाधी शहरात आहे, पण राजवाड्यापेक्षा तिथे जाणारे पर्यटक फारच कमी. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी या समाधीला भेट दिली. एका देशाच्या यादीत जे दुय्यम स्थळ आहे, ते दुसऱ्या देशासाठी किती महत्त्वाचे असू शकते, हे यावरून दिसते.

याची दुसरी बाजूही आपल्याला माहीत असायला हवी. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्लीचा शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर याला रंगूनला पाठवले. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. भारताचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा भारतात पुरला गेला. साम्राज्याची ही ठरलेली रीत होती. राजाला त्याच्या लोकांपासून समुद्रापलीकडे नेले की त्याच्या नावाने उठाव करणे अवघड होते.

६. टिळक जन्मस्थान आणि मंडाले

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे मूळ गाव दापोलीजवळचे चिखलगाव. मग जन्म रत्नागिरीत का? कारण वडील गंगाधरपंत रत्नागिरीत सरकारी शाळेत शिक्षक होते. म्हणजे टिळकांच्या जन्मघराची गोष्टही १८२२ च्या निर्णयाशी जोडलेली आहे. जिल्ह्याचे ठिकाण झाले, म्हणून शाळा आली आणि शाळेमुळे शिक्षकाचे बिऱ्हाड. १८६६ मध्ये वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्याला गेले. टिळक आळीतील हे कौलारू घर आज स्मारक म्हणून जपले आहे.

टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आले. जून १९१४ मध्ये ते सुटले. ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ त्यांनी त्याच तुरुंगात लिहिला आणि तो १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता या दोन वास्तूंच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत स्थानबद्ध होता आणि रत्नागिरीत जन्मलेला नेता मंडालेत कैदेत होता. हा योगायोग आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पण सरकारी दृष्टीने पाहिले, तर दोन्ही निर्णयांमागे एकच तर्क होता. माणसाला त्याची भाषा बोलणाऱ्यांपासून दूर ठेवा. थिबाच्या आसपास त्याची भाषा जाणणारे त्याच्या घरच्या माणसांखेरीज कोणी नव्हते, आणि टिळकांच्या आसपास मराठी वाचक नव्हता. रत्नागिरी आणि मंडाले ही एकाच यंत्रणेची दोन टोके होती. पर्यटकांच्या यादीत ही दोन स्थळे वेगवेगळ्या क्रमांकांवर येतात, त्यामुळे हा संबंध बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

७. कोठडी आणि पतितपावन मंदिर

विनायक दामोदर सावरकर यांना १९२१ मध्ये अंदमानातून भारतात आणण्यात आले. काही काळ ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. ती कोठडी आज स्मारक आहे. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांची सशर्त सुटका झाली. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाऊ नये आणि राजकारणात भाग घेऊ नये, अशा त्या अटी होत्या. पाच वर्षांची ही मुदत वाढत जाऊन १९३७ पर्यंत चालली. १ मार्च १९२७ रोजी महात्मा गांधी रत्नागिरीत आले असताना या दोघांची भेट झाली होती.

राजकारणाला बंदी असल्याने सावरकरांनी अस्पृश्यता निवारण, सहभोजन आणि मंदिरप्रवेश या प्रश्नांवर काम केले. त्यातून २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले. मंदिराचा खर्च भागोजी शेठ कीर यांनी केला. ते रत्नागिरीचे, भंडारी समाजातले. मुंबईत बांधकामाचे ठेकेदार म्हणून त्यांनी नाव आणि पैसा मिळवला होता. या मंदिरामागे मुंबईला गेलेल्या एका कोकणी माणसाची कमाई आहे, हा मुद्दा पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

या वास्तूकडे पाहताना तिच्या काळातील इतर घटनाही विचारात घ्याव्या लागतात. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. महाड रत्नागिरीच्या उत्तरेला, कोकणातच आहे. मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. या लढ्यांची मागणी सार्वजनिक पाणवठा आणि असलेले मंदिर यांवरील समान हक्काची होती. पतितपावन मंदिर ही नवी, सर्वांसाठी बांधलेली जागा होती. जुन्या जागेवरचा हक्क आणि नव्या जागेतील प्रवेश या दोन मार्गांत फरक आहे. त्यांचे मूल्यमापन अभ्यासक वेगवेगळ्या पद्धतीने करतात. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत बनवावे. मंदिरातील फलक वाचून हा वाद कळत नाही. त्यासाठी त्याच काळातील महाड आणि नाशिक यांच्याशी तुलना करावी लागते.

८. यादीत नसलेली माणसे

आता चौथा प्रश्न. या यादीत कोण नाही?

सर्वांत मोठी उणीव आहे ती गाव सोडून गेलेल्यांची. सरकारने ज्या आगबोटीतून राजाला आणले, तशाच आगबोटींतून रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे मुंबईला गेली. कापडगिरण्या, गोदी, पोलीस, घरकाम अशा कामांत ती लागली. गिरणगावातील कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. गावात शेती थोडी, जमीन कातळाची आणि खोतीचा भार मोठा. त्यामुळे घरातला एक तरी पुरुष मुंबईला असे. त्याला ‘चाकरमानी’ म्हणत आणि त्याच्या मनीऑर्डरवर घर चाले. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी येई. घरात राहिलेल्या बायका शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळत. सत्तेने ज्या गावात माणसे बाहेरून आणून डांबली, त्याच गावातून पोटासाठी माणसे बाहेर जात होती. या स्थलांतराचे स्थळ यादीत नाही. पण बंदराचा जुना धक्का हेच त्याचे स्थळ म्हणता येईल.

दुसरी उणीव मच्छीमारांची. मिरकरवाडा हे राज्यातील महत्त्वाचे मासेमारी बंदर आहे. खारवी, कोळी, दालदी असे हिंदू आणि मुसलमान समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात. मत्स्यालयात मासे काचेआड दिसतात, पण ते पकडणारा यादीत दिसत नाही.

तिसरे उदाहरण थिबाच्या घरातलेच. थिबाच्या थोरल्या राजकन्येचा संबंध त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका स्थानिक माणसाशी जुळला आणि १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात गेले, पण राजकन्या मुलीला घेऊन रत्नागिरीला परतली. तिचे उरलेले आयुष्य हलाखीत गेले आणि १९४७ मध्ये ती इथेच वारली. मुलगी मराठी बोलत, रत्नागिरीच्या साध्या वस्तीत वाढली, संसाराला लागली आणि म्हातारी झाली. राजवाडा जपला गेला, पण राजाच्या नातीचे घर कोणाच्या यादीत आले नाही. स्थानबद्धता राजाच्या मृत्यूने संपली, असे आपण लिहितो. तिचे परिणाम मात्र पुढच्या पिढ्यांनी भोगले.

९. यादी बदलते

यादी कायमची नसते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल आणि सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा हे आता स्वतःच प्रेक्षणीय झाले आहेत. ज्या दूरपणाने गावाचा इतिहास घडवला, ते दूरपण या रेल्वेने संपवले. त्यानंतरच रत्नागिरी देशभरातील पर्यटकांच्या आवाक्यात आली.

दुसरा बदल कातळशिल्पांचा. रत्नागिरी आणि आसपासच्या सड्यांवर, उघड्या जांभ्या कातळात माणसे, प्राणी आणि भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. उक्षी येथील हत्तीची आकृती प्रसिद्ध आहे. गुरे चारणारे गावकरी या आकृत्या ओळखत होते. पण स्थानिक अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्यांची नोंद केल्यावरच बाहेरच्या जगाला त्या कळल्या. २०२२ मध्ये कोकणातील निवडक कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. पुढे राजापूर तालुक्यातील बारसू येथे तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद उभा राहिला, तेव्हा तेथील कातळशिल्पांचे काय होणार, हा प्रश्नही पुढे आला. यावरून यादीचे व्यावहारिक महत्त्व कळते. यादीत आलेल्या जागेबद्दल निदान प्रश्न तरी विचारला जातो. न आलेली जागा कोणालाही न विचारता पुसली जाऊ शकते.

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग त्यात आहे, रत्नदुर्ग नाही. दोन्ही किल्ले एकाच किनाऱ्यावरचे, पण पुढच्या काळात त्यांच्याकडे येणारे लक्ष, निधी आणि निर्बंध वेगळे असतील.

१०. पुन्हा भिलाईकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. किनाऱ्यावरच्या शहराचा हा पाठ सेक्टर १० मध्ये कशासाठी? कारण इथेही अशी एक यादी आहे. पाहुणे आले की आपण त्यांना मैत्रीबागेत नेतो, पांढरा वाघ दाखवतो, जमले तर कारखाना बाहेरून दाखवतो. मैत्रीबाग १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभी राहिली. तिच्यामागे २ फेब्रुवारी १९५५ चा पोलाद कारखान्याचा करार आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आज सोव्हिएत संघ उरलेला नाही, पण बागेच्या नावात ती मैत्री टिकून आहे.

भिलाईची वसाहत कानकूनसारखी आखून उभारलेली आहे. म्हणून इथल्या जागांना नावाऐवजी आकडे मिळाले. पण आकड्यांच्या आधी इथे गावे होती. मरोदा, रिसाली, खुर्सीपार ही नावे अजून ऐकू येतात. ज्यांच्या जमिनींवर कारखाना आणि सेक्टर उभे राहिले, त्यांची आठवण सांगणारे स्थळ आपल्या यादीत कुठे आहे? देशाच्या कानाकोपऱ्यातून, विदर्भातूनही, इथे कामाला आलेल्या पहिल्या पिढीचे स्थळ कोणते? रत्नागिरीचा चाकरमानी घर सोडून मुंबईला गेला. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा तसेच घर सोडून भिलाईला आले. ते आता थकले आहेत. हा इतिहास अजून कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही आणि तो सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून हे काम सवडीने करण्यासारखे नाही.

सारांश

रत्नागिरीची प्रेक्षणीय स्थळे वेगवेगळी दिसली, तरी त्यांतील बहुतेक एका सूत्रात बांधलेली आहेत. किल्ला समुद्रमार्गाच्या काळाची साक्ष देतो. १८२२ नंतर जिल्ह्याचे ठिकाण आणि पुढे रेल्वेचा अभाव, यांमुळे हे गाव स्थानबद्धतेसाठी सोयीचे ठरले. थिबा राजवाडा, सावरकरांची कोठडी आणि पतितपावन मंदिर यांची मुळे त्या सोयीत आहेत. टिळकांचे जन्मस्थान मंडालेशी जोडून पाहिले, तर साम्राज्याची हद्दपारीची यंत्रणा समजते. मात्र या यादीत चाकरमानी, त्यांच्या घरच्या बायका, मच्छीमार आणि राजकन्येची मुलगी यांना जागा नाही. यादी बदलू शकते, आणि ती बदलण्याचे काम अभ्यासकांइतकेच स्थानिक लोकही करू शकतात.

स्वाध्याय

१. ‘थिबा राजवाडा हा राजवाडा कमी आणि तुरुंग जास्त होता.’ या विधानाची चर्चा करा.
२. ब्रिटिश सरकारने स्थानबद्धतेसाठी रत्नागिरीची निवड करण्यामागची भौगोलिक आणि प्रशासकीय कारणे लिहा.
३. टिळक आणि थिबा यांच्या १९०८ ते १९१४ या काळातील स्थितीची तुलना करा.
४. पतितपावन मंदिर, चवदार तळे आणि काळाराम मंदिर या तीन घटनांमधील साम्य आणि भेद स्पष्ट करा.
५. उपक्रम : आपल्या गावातील किंवा सेक्टरमधील पाच ‘पाहण्यासारख्या’ जागांची यादी करा. प्रत्येक जागेला पाठातील चार प्रश्न विचारा. नंतर घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा की, त्यांच्या मते यादीत कोणती जागा असायला हवी होती. त्यांचे उत्तर, कारणासह, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि खाली तारीख घाला.